दांडीचा सांधा

चेन्नई हे कर्नाटक संगीताचे मोठे केंद्र आहे. तेथील सभागृहांतून वीणेचे स्वर ऐकू येतात, त्याचप्रमाणे चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात इलेक्ट्रिक गिटारही वाजते. ही दोन्ही वाद्ये रूपाने व स्वराने भिन्न असली, तरी ती घडविणाऱ्या कारागिरापुढे एक प्रश्न समान असतो : वाद्याची लांब दांडी त्याच्या मुख्य भागाला कशी जोडावी?

हा प्रश्न किरकोळ नाही. ताणलेल्या तारा दांडीला सतत पुढे ओढत असतात. सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवरील एकूण ताण सुमारे 45 किलोग्रॅम वजनाइतका असतो. सांधा किंचित सरकला, तरी तारा पडद्यांपासून अधिक उंच जातात, बोटांना जास्त जोर लावावा लागतो आणि स्वर बिघडतो.

भोसले घराण्याने जेथे राज्य केले, त्या तंजावरची वीणा फणसाच्या लाकडापासून घडवितात. तिचे दोन प्रकार आहेत. एकांड वीणेत भोपळ्यासारखा गोल भाग आणि दांडी एकाच ओंडक्यातून कोरतात. दुसऱ्या प्रकारात हे भाग वेगवेगळे कोरून जोडतात. एकांड वीणेसाठी मोठा, निर्दोष ओंडका लागतो. त्यामुळे ती महाग पडते. तिचा सांधा निखळण्याची भीती नसते. मात्र दांडी मोडली, तर नवी बसविता येत नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत दांडी खाचेत बसवून स्क्रूंनी आवळतात. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी 1950 च्या सुमारास ही पद्धत कारखान्यात रुजविली. दुसरीत दांडीचे टोक खाचेत घट्ट बसवून सरसाने चिकटवितात. 1952 मधील गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार अशीच आहे. तिसरीत दांडीचे लाकूड गिटारच्या तळापर्यंत सलग जाते व दोन्ही बाजूंस फळ्या चिकटवितात. ही रचना म्हणजे जणू एकांड वीणेची दूरची बहीण होय.

यांपैकी कोणती निवडावी? चेन्नईची समुद्राकाठची हवा दमट असते. दमट हवेत लाकूड फुगते व कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे कालांतराने दांडीचा कल बदलू शकतो. स्क्रूचा सांधा असल्यास दांडी सोडवून, पातळ पच्चर घालून तो कल सुधारता येतो. चिकटविलेली दांडी वाफेने सैल करावी लागते. ते निष्णात हाताचे काम आहे. सलग दांडी तर वेगळी करताच येत नाही. तथापि या दोन पद्धतींत सांध्याजवळचा भाग सडपातळ ठेवता येतो आणि वरच्या पडद्यांपर्यंत हात सहज पोहोचतो.

स्वर किती वेळ घुमेल, हे केवळ पद्धतीवर अवलंबून नसते. सैल बसलेली महागडी दांडी निरुपयोगी ठरते. नीट बसलेली साधी दांडी उत्तम वाजते. म्हणूनच प्रथम वाद्य घडविणाऱ्याने दुरुस्तीची सोय असलेला सांधा निवडणे शहाणपणाचे ठरते. चूक सुधारण्यास वाव असेल, तरच हात तयार होतो.