शाकारलेल्या नौकेलाही वारा हवा

मे सरत आला की हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वर्सोवा अशा सगळ्या बंदरांवर आगोटीच्या कामांची लगबग सुरू होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. जाळी धुऊन भरली जातात, इंजिन खोललं जातं, नौका वर ओढून शाकारल्या जातात. या धावपळीत केबिन मात्र मागे राहते. दार ओढलं, कुलूप लावलं, वरून ताडपत्री आवळली की काम झालं, अशी समजूत असते.

ऑगस्टमध्ये ते दार उघडलं की कुबट वासाचा भपकारा येतो. गाद्यांवर काळे ठिपके, छताला बुरशी, वायरींच्या टोकांना हिरवट गंज. पावसाचा थेंबही आत गेलेला नसतो, तरी हे होतं. कारण केबिनमधली बरीचशी ओल आपणच जाताना आत कोंडून गेलेलो असतो.

हिशेब सोपा आहे. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते. २५ अंशांना ही क्षमता २३ ग्रॅमवर येते. दुपारच्या उकाड्यात बाष्पाने भरलेली हवा रात्री गार पडली, की उरलेलं पाणी छताला, भिंतींना आणि खिडकीच्या काचेला थेंबांच्या रूपात सुटतं. फायबरची भिंत तर ते शोषतही नाही. थेंब ओघळून गादीखाली जातात. सकाळी केबिन तापली की त्याच पाण्याची पुन्हा वाफ होते. बंद दाराआड हा फेरा दोन महिने अखंड चालतो.

त्यात भर घालतं ते मीठ. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी ओढू लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं ते म्हणूनच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही पाणी खेचतं. म्हणून खाऱ्या पाण्याने भिजून उन्हात वाळलेली गादी हाताला कोरडी लागली तरी तिच्यात मीठ शिल्लक असतं. जुलैची हवा लागली की ती पुन्हा दमट होते. दोर, लाइफ जॅकेट, पडदे, सगळ्यांचं तेच.

म्हणून पहिलं काम मे महिन्याच्या कडक उन्हातच उरकायला हवं. केबिनमधलं कापड, गाद्या, उशा, लाइफ जॅकेट बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवावीत आणि आतपर्यंत खडखडीत वाळवून घरी किंवा कोरड्या खोलीत ठेवावीत. भिंती, फळ्या, कप्प्यांचे कोपरे साबणाच्या पाण्याने पुसून मग गोड्या पाण्याचा हात फिरवावा. तळातलं डिझेल-माशांचं पाणी उपसून तळ स्वच्छ घासावा. निम्मा वास तिथूनच येतो. नौका टेकवताना नाळ थोडी उंच ठेवावी आणि तळाचं बूच काढून ठेवावं, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी साचणार नाही. लाकडी नौकेला तर याची गरज जास्त, कारण लाकूड खाऱ्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने लवकर कुजतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली, तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही.

दुसरं काम शाकारणीचं. आपल्याकडे मधोमध आडवा बांबू बांधून दोन्ही अंगांना नारळाचे झाप उतरते सोडण्याची रीत आहे. ती नीट पाहिली तर तिच्यातलं शहाणपण कळतं: पाऊस उतारावरून निथळतो, झापांतून हवा फिरते आणि दोन्ही टोकं उघडी असल्याने वारा आरपार जातो. ताडपत्री वापरायला हरकत नाही, पण तीही अशीच उतरती आणि डेकपासून वीतभर उंच हवी. नौकेला चापून गुंडाळली, तर तिच्याखालीही पाणी सुटतं. केबिनला एक झरोका खाली आणि एक वर, समोरासमोरच्या बाजूंना, पाऊस आत येणार नाही अशी झडप आणि जाळी लावून उघडा ठेवावा. आतल्या कप्प्यांची दारं आणि फळ्या उघड्या सोडाव्यात. कॅल्शियम क्लोराइडच्या ओलशोषक पिशव्या बंद कप्प्यातच उपयोगी पडतात. उघड्या केबिनमध्ये त्या चार दिवसांत पाण्याने भरून जातात.

पावसाने उघडीप दिली की तासभर दारं-खिडक्या सताड उघडून यावं. मात्र तळात किंवा बर्फाच्या खणात लगेच उतरू नये. सडलेल्या माशांमधून हायड्रोजन सल्फाइड निघतो, बंद जागेतला प्राणवायूही कमी झालेला असतो, आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळू शकतो. आधी झाकणं उघडून बराच वेळ वारा खेळू द्यावा, वर एक माणूस थांबवावा, आणि कुणी खाली पडलाच तर त्याच्यामागे उडी न घेता मदत बोलवावी.

हे सगळं करायचं ते खलाशांसाठी. हंगामात तेच या चार हात जागेत जेवतात, झोपतात, ओले कपडे वाळवतात. ओल आणि बुरशीचा दमा, खोकला आणि श्वासाच्या इतर तक्रारींशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट नोंदवलं आहे. इंजिन बिघडलं तर नौका बंदरात उभी राहते, म्हणून नाखवा त्यावर सढळ हाताने खर्च करतो. केबिनला लागतं ते दोन दिवसांचं ऊन, चार पिंपं गोडं पाणी आणि उतरती शाकारणी. आगोटीच्या कामांच्या यादीत इंजिन आणि जाळ्यांच्या शेजारी केबिनचं नावही लिहिलंच पाहिजे.