कव्हर, काच आणि वेरूळचा काळा दगड

वेरूळच्या सोळा क्रमांकाच्या लेण्याशेजारून एक पायवाट डोंगरावर चढते. वर पोचलं की अख्खं कैलास लेणं पायाखाली दिसतं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, कळसापासून पायाकडे कोरत आणलेलं. सुट्टीच्या दिवशी या कड्यावर जेवढी माणसं, तेवढे हात पुढे ताणलेले, आणि बहुतेक हातांत मोबाईल. इथून तो निसटला, तर सुमारे 30 मीटर खाली अंगणात पोचेपर्यंत त्याचा वेग, हवेचा अडथळा सोडून दिला तर, ताशी 87 किलोमीटरच्या आसपास गेलेला असेल. एवढ्या वेगापुढे कोणत्याही कव्हरचा टिकाव लागत नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

पण कड्यावरून पडणारे फोन थोडेच. बाकीचे पडतात ते छातीच्या उंचीवरून किंवा कमरेपासून: शर्टाच्या खिशातून वाकताना, एसटीच्या पायरीवर, तिकीट काढताना, दहाव्या लेण्यातल्या विश्वकर्म्याचा फोटो एका हाताने घेताना. खाली असतो बेसॉल्ट, आपला काळा फत्तर. एक मीटरवरून सुटलेला फोन या दगडावर ताशी साधारण 16 किलोमीटर वेगाने आदळतो. वेग किरकोळ वाटतो, पण प्रश्न वेगाचा नसून थांबण्याचा आहे. उघडा फोन दगडावर जागच्या जागी थांबतो आणि सगळा मार एका कोपऱ्यावर बसतो. कव्हरचा मऊ कोपरा दोन-तीन मिलिमीटर दबला, तर थांबायला तेवढं जास्त अंतर मिळतं. अंतर तिप्पट झालं की सरासरी मार तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कव्हरचं सगळं शास्त्र या दोन-तीन मिलिमीटरांत आहे. पाठीवरचा मोर, चमकी, क्रिकेटपटूचा फोटो यांचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणूनच कोपरे महत्त्वाचे. फोन सपाट पडण्यापेक्षा कोपऱ्यावर पडला तर जास्त फुटतो, कारण टेकणारी जागा छोटी. काही कव्हरांच्या चारही कोपऱ्यांत हवेचा छोटा कप्पा असतो, तो याचसाठी. दुसरी गोष्ट कडेची. कव्हरची कड पडद्यापेक्षा किंचित वर आलेली हवी, म्हणजे फोन पालथा पडला तरी काच जमिनीला टेकत नाही. कॅमेऱ्याभोवतीच्या उंचवट्याचं कामही तेच.

बाजारात या कव्हरांना सरसकट ‘सिलिकॉन’ म्हणतात. त्यातली बरीचशी टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असतात. खरं सिलिकॉन हाताला रबरासारखं, जरा पकड असलेलं लागतं आणि धूळ ओढून घेतं. कडक कव्हर असतं ते पॉलिकार्बोनेटचं. ते ओरखडे अडवतं, पण दबत नाही. दोन्ही एकत्र, म्हणजे बाहेर कडक पाठ आणि कडेला मऊ टीपीयू, ही जोडी चांगली. पारदर्शक टीपीयू काही महिन्यांत पिवळं पडतं, आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. दोष दोघांचाही नसतो. उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता यांनी ते प्लास्टिकच आतून बदलतं. कारखानदार सुरुवातीला त्यात हलकी निळसर झाक टाकतात ती हा पिवळेपणा काही काळ झाकण्यासाठी. बदल आतूनच झालेला असल्यामुळे पुसून-धुवून काही फरक पडत नाही.

जाड कव्हरांच्या खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ असं ठळक छापलेलं असतं. हा संदर्भ अमेरिकी संरक्षण खात्याच्या मिल-एसटीडी-810 या चाचणी-मानकाचा. त्यातल्या पाडण्याच्या चाचणीत वस्तू 122 सेंटिमीटरवरून 26 वेळा टाकतात: सहा बाजू, आठ कोपरे, बारा कडा. ऐकायला जबरदस्त. मात्र ती टाकतात काँक्रीटवर अंथरलेल्या सुमारे पाच सेंटिमीटर जाड प्लायवूडवर, आणि 26 पाडण्या एकाच नगावर करायचं बंधन नाही, पाच नगांत वाटता येतात. शिवाय हे खातं कोणत्याही मोबाईल कव्हरला प्रमाणपत्र देत नाही. कंपनी स्वतः चाचणी घेते आणि स्वतःच छापते. वेरूळच्या पायऱ्यांवर प्लायवूड नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

काचेची गोष्ट याहून मजेदार आहे. 2007 साली आयफोन बाजारात आणताना स्टीव्ह जॉब्स यांना प्लास्टिकऐवजी काचेचा पडदा हवा होता. त्यांनी कॉर्निंग कंपनीचे प्रमुख वेंडेल वीक्स यांना गाठलं. कॉर्निंगने अशी मजबूत काच 1960च्या दशकातच करून पाहिली होती, पण तिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. तीच पुढे गोरिला ग्लास झाली. ती मजबूत होते ती वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात साधारण 400 अंश सेल्सिअसला बुडवून. काचेतले सोडियमचे छोटे अणू बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे अणू दाटीवाटीने घुसतात. त्यामुळे काचेचा पृष्ठभाग सतत आवळलेला राहतो, आणि आवळलेल्या काचेत तडा सहजी पसरत नाही.

छत्रपती संभाजीनगरातल्या पैठण गेटच्या मोबाईल बाजारात ‘टेम्पर टाकून द्या’ म्हटल्यावर दुकानदार जी काच लावतो, ती साधारण तृतीयांश मिलिमीटर जाडीची असते. तिच्या पाकिटावर ‘9एच’ लिहिलेलं असतं. अनेकांना वाटतं, हा हिऱ्याखालोखालचा कठीणपणा. खनिजांच्या मोहस मापात 9 या आकड्यावर माणिक आणि नीलम बसतात, त्यामुळे हा गैरसमज विक्रीला सोयीचाही आहे. प्रत्यक्षात 9एच हे पेन्सिलीचं माप आहे: शाळेतल्या चित्रकलेच्या एचबी, 2एच यांच्याच रांगेतली सगळ्यात कडक पेन्सिल. तिने ओढल्यावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खिशातल्या किल्ल्या आणि नाणी काचेला फारसं काही करत नाहीत, कारण त्यांचा धातू काचेपेक्षा मऊ. घात करते धूळ. वाळूतला क्वार्ट्झ मोहस मापात 7 वर असतो, म्हणजे फोनच्या काचेच्या बरोबरीचा किंवा वरचढ. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांमध्येही हा क्वार्ट्झ सापडतो, आणि बांधकामाची वाळू तर रस्तोरस्ती सांडलेली. असा एक कण खिशात फोनशी घासला की रेघ पडते, आणि पुढच्या वेळी फोन पडला की तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. स्वस्त टेम्परचा खरा उपयोग इथे आहे. ती रेघ 100 रुपयांच्या काचेवर पडते, हजारोंच्या पडद्यावर नाही. कड्यावरून पडलेला फोन टेम्परने वाचला, अशा कहाण्या मात्र सबुरीनेच ऐकाव्यात.

वस्तू हातात आली की तिला अंगरखा शिवायचा, ही खोड मोबाईलच्या आधीची. अमेरिकेत 1954 साली आलेला पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ, रीजन्सी टीआर-1, वेगवेगळ्या रंगांत मिळायचा आणि त्याचं चामड्याचं कव्हर वेगळे पैसे देऊन घ्यावं लागे. आपल्याकडच्या ट्रान्झिस्टरची चामडी कव्हरं जुन्या पिढीला आठवत असतील: आवाज बाहेर यावा म्हणून समोर भोकांची जाळी, खांद्याला अडकवायला पट्टा. हा रेडिओ शेतात बाभळीच्या फांदीला टांगला जाई. घरातल्या मोठ्या रेडिओवर क्रोशाचा रुमाल येई, पुढे तोच टीव्हीवर गेला. मोबाईल आले तेव्हा पुरुषांनी ते पट्ट्याला लावलेल्या चामडी पाऊचमध्ये मिरवले. 1998च्या नोकिया 5110 ने तर फोनचं तोंडच बदलायची सोय दिली. पुढचं कव्हर काढा, दुसऱ्या रंगाचं लावा.

एकदा तर कव्हरने कंपनीची लाज राखली. 2010 साली आयफोन 4 हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की सिग्नल घसरतो, अशी ओरड झाली, कारण अँटेना फोनच्या धातूच्या कडेतच होती. त्या वर्षी जुलैत ॲपलने ग्राहकांना कडेभोवती बसणारं रबरी कव्हर फुकट वाटलं.

महाराष्ट्रात सजावटीचा सगळ्यात जोरदार बाजार संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान भरतो. हळदीकुंकवाचं वाण म्हणून खणाचे आणि पैठणीच्या काठाचे मोबाईल पाऊच डझनांनी विकले जातात. खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, चोळीसाठी विणलेला. त्याची चोळी मागे पडली आणि पर्स, पाऊच, दागिने पुढे आले. यामागे हौस आहे, तशी गरजही. साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसलाही शिंपी क्वचितच ठेवतो, आणि फोन तर चोवीस तास लागतो. आजीच्या कनवटीला चंची असे, नातीच्या खांद्याला हा पाऊच. खणाच्या पातळ अस्तराने मार सोसला जात नाही, हे खरं. पण गळ्यात किंवा खांद्यात अडकवलेला फोन मुळात पडतच नाही, आणि त्या हिशेबाने हा पाऊच अनेक ‘मिलिटरी’ कव्हरांपेक्षा सरस आहे.

जपानमध्ये 1990च्या दशकापासून फोनला दोरी आणि लटकन लावायची रीत होती. फोनला त्यासाठी छिद्रच असे. स्मार्टफोनमधून ते गेलं. आता दोरी परत आली आहे ती कव्हरच्या आत सरकवायच्या पातळ पट्टीवर, जिची कडी चार्जिंगच्या भोकातून बाहेर येते. कड्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांसाठी याहून शहाणी खरेदी नाही. बोटांत धरायचं गोल बटणही उपयोगाचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे डेव्हिड बार्नेट हेडफोनच्या गुंत्याला वैतागले आणि 2010 साली त्यांनी फोनच्या पाठीवर कपड्याची दोन मोठी बटणं चिकटवली. त्यातून पॉपसॉकेट निघालं.

पाठीवरच्या चित्रांत राजमुद्रा, मोडी अक्षरं, वारली नाच, नथ आणि विठोबा हे आपल्याकडचे हमखास खपणारे. स्वतःचा फोटोही छापून मिळतो. खास शाईने कागदावर उलटी प्रतिमा छापतात आणि 180 ते 200 अंशांवर दाबतात. शाईची वाफ होऊन ती कव्हरवरच्या लेपात मुरते, म्हणून असं चित्र खरवडून निघत नाही. हे छापतात बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर, आणि असा पत्रा असेल तर वायरलेस चार्जिंग विसरावं लागतं. देवाचं किंवा महाराजांचं चित्र असलेला फोन मागच्या खिशात टाकून त्यावर बसणारे रोज दिसतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा, पण त्या खिशात फोन वाकतो हे नक्की.

चमकीचं पाणी भरलेली कव्हरं मात्र टाळावीत. 2017च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिक्सबिन कंपनीला अशी सुमारे 2 लाख 63 हजार कव्हरं परत मागवावी लागली होती. फुटल्यावर आतल्या द्रवाने त्वचा भाजल्याच्या तक्रारी होत्या.

मराठवाड्यात कव्हरची आणखी एक बाजू आहे, उन्हाची. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते, जाड कव्हर ती उष्णता कोंडून ठेवतं, आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. उन्हाळ्यात चार्जिंगला लावताना कव्हर काढून ठेवावं. गाडीच्या काचेमागे चार्जरवर लावलेला फोन तर डबल तापतो.

पावसाळ्यात उलटा प्रश्न. एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा भरला की भिजायला येणाऱ्यांची झुंबड उडते आणि गळ्यात अडकवायचे पारदर्शक जलरोधक पाऊच उपयोगी पडतात. हेच पाऊच आषाढी वारीत वारकऱ्यांच्या गळ्यात दिसतात. नवीन पाऊच घेतला की आधी आत कोरडा टिश्यू पेपर घालून तो बादलीत बुडवून पाहावा, फोन नंतर. भिजलेला फोन तांदळात पुरू नये. पीठ आणि कण भोकांत जातात. पुसावा, उभा ठेवून वाऱ्यावर वाळू द्यावा, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नये.

कव्हर घ्यायला गेलात तर चित्र शेवटी निवडा. आधी फोन त्यात बसवून काउंटरवर पालथा ठेवा आणि कडेतून एक कागद सरकवून पाहा. कागद काचेखालून सहज गेला तर कड पुरेशी उंच आहे. अडकला, तर दुसरं कव्हर दाखवायला सांगा.