विमानातील पेला कोणाच्या हातचा?

मुंबईहून लंडनला निघालेला एखादा सभ्य गृहस्थ विमानतळावरील करमुक्त दुकानातून व्हिस्कीची बाटली विकत घेतो. दुकानदार ती पारदर्शक पिशवीत सीलबंद करून पावतीसह त्याच्या स्वाधीन करतो. आणि विमान आकाशात स्थिरावल्यावर हा गृहस्थ पिशवी फोडून आपल्या पेल्यात दोन बोटे व्हिस्की ओततो. इतक्यात विमानसेविका येते आणि नम्रपणे, परंतु निश्चयाने सांगते की, असे करता येणार नाही. गृहस्थास राग येतो, आणि त्याचा युक्तिवादही वरकरणी बिनतोड असतो. बाटली त्याच्या पैशाची आहे. तपासनीसांनी ती पाहून आत येऊ दिली आहे. विमानात मद्याला बंदी म्हणावी, तर शेजारच्या प्रवाशाच्या हातात तेच मद्य आहे, आणि तेही याच सेविकेने आणून दिलेले. शिवाय तो स्वतः काही झिंगलेला नाही. ही चारही विधाने खरी असू शकतात. तरीही नियम त्याच्या बाजूस नाही. असे का असावे, याचे उत्तर बहुतेक प्रवासी कंपनीच्या धंदेवाईक लोभात शोधतात. ते उत्तर बहुतांशी चुकीचे आहे.

या प्रश्नाचा अत्यंत स्पष्ट निकाल अमेरिकेच्या कायद्याने लावलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात विमानप्रवास झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर विमानात मद्य देण्याची चढाओढही वाढली. १९५० नंतरच्या दशकात वैमानिकांच्या व विमानसेविकांच्या संघटनांनी याविरुद्ध तक्रारी केल्या. विमानातील मद्य सर्वस्वी बंद करावे अशी विधेयकेही तेथील काँग्रेसपुढे आली. ती विधेयके कायद्यात उतरली नाहीत. त्यांऐवजी नव्याने स्थापन झालेल्या विमान वाहतूक खात्याने १९६० साली एक मधला मार्ग काढला. त्या नियमाचा आशय असा की, विमान चालविणाऱ्या कंपनीने ज्या प्रवाशास जे मद्य स्वतः दिले असेल, त्यावाचून दुसरे कोणतेही मद्य त्या प्रवाशाने विमानात पिता कामा नये. याच नियमाच्या पुढील कलमांत कंपनीलाही तितकेच जखडून टाकले आहे. जो झिंगलेला दिसतो त्याला मद्य देऊ नये. इतकेच नव्हे, तर त्याला मुळात विमानात चढूच देऊ नये. ज्याच्या हाताशी घातक शस्त्र आहे त्याला देऊ नये. जो कैद्यास घेऊन चालला आहे त्याला आणि त्या कैद्यालाही देऊ नये. स्वतःचे मद्य न पिण्याचा नियम कोणी धुडकावला किंवा झिंगलेल्या दिसणाऱ्याने दंगा केला, तर पाच दिवसांच्या आत खात्याला कळवावे.

या नियमाची शब्दयोजना लक्षपूर्वक पाहिली म्हणजे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. बाटली कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यात कोठेच विचारलेला नाही. मद्य विकत दिले की फुकट दिले, हेही विचारलेले नाही. विचारले आहे ते एवढेच, की पेला कोणी भरला? म्हणूनच प्रवाशाने आपली बाटली सेविकेच्या हाती द्यावी आणि तिने त्यातून त्याला थोडे थोडे ओतून द्यावे, अशी मुभा अमेरिकेतील एखाददुसरी कंपनी देत आली आहे, आणि त्यात नियमाचा भंग होत नाही. कायद्याचा हेतू कंपनीची विक्री वाढविण्याचा असता, तर अशी पळवाट त्यात राहिलीच नसती.

मग हाताला एवढे महत्त्व कशासाठी? आपल्याकडील पंगतीचे उदाहरण घेतले तर हे चटकन समजेल. पंगतीत वाढपी फिरत असतो, तेव्हा कोणाच्या पानात काय आणि किती पडले याचा हिशेब आपोआप त्याच्या नजरेत राहतो. एखाद्याने घरून डबा आणून पानाखाली लपवून खाल्ला, तर वाढप्याचा हिशेब फसतो, आणि त्यापासून फार तर अजीर्ण होते. विमानात हिशेब फसला तर प्रकरण निराळे. सेविकेच्या समजुतीप्रमाणे ज्याने दोन पेले घेतले आहेत, त्याने खिशातील चपट्या बाटलीतून आणखी चार घेतलेले असतील, तर तिसरा पेला द्यावा की न द्यावा हा तिचा निर्णयच आंधळा होतो. जमिनीवरील मद्यगृहाचा मालक बेताल गिऱ्हाइकास दाराबाहेर काढू शकतो. दहा हजार मीटर उंचीवर दार आहे, पण बाहेर नाही.

विमानसेवक हे मुख्यतः खाण्यापिण्याची व्यवस्था पाहण्यासाठी असतात, ही समजूतही येथे सोडून द्यावी लागते. दर पन्नास आसनांमागे निदान एक सेवक असलाच पाहिजे असा जो दंडक आहे, तो चहासाठी नव्हे, तर संकटसमयी विमान रिकामे करण्यासाठी आहे. मोठ्या प्रवासी विमानाच्या रचनेस मान्यता देण्यापूर्वी अंधारात, निम्मीच दारे वापरून, सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करून दाखवावे लागते. त्या दीड मिनिटाच्या गणितात पट्टा सोडता न येणारा, वाटेत बसकण मारणारा किंवा आपली पेटी घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून हटून बसणारा मनुष्य धरलेला नसतो. आणि त्याच्या मागच्या रांगेत लहान मूल घेऊन बसलेली बाई असू शकते.

उंचीचा आणि मद्याचा संबंध हा विषयही थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण त्यासंबंधी अर्धसत्येच फार प्रचलित आहेत. विमानातील एक पेला जमिनीवरील दोन पेल्यांइतका चढतो, असे पुष्कळजण खात्रीने सांगतात. पुढील प्रयोगांत या समजुतीस आधार मिळालेला नाही. उंचीमुळे रक्तातील मद्याचे प्रमाण वाढत नाही. पण म्हणून उंची निरुपद्रवी ठरते असे नव्हे. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. तो सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका उतरू दिलेला असतो, आणि त्यामुळे रक्ताला प्राणवायू काहीसा कमी मिळतो. जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १८ ते ४० वर्षांच्या निरोगी माणसांपैकी काहींना जमिनीवरील दाबात व काहींना विमानातील दाबाच्या खोलीत, एका रात्री मद्य घेऊन व एका रात्री न घेता, झोपवून पाहिले. विमानासारख्या दाबात मद्य घेऊन झोपलेल्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या जवळपास उतरले आणि हृदयाचे ठोके मिनिटास ८८ च्या आसपास गेले. त्याच दाबात मद्यावाचून झोपलेल्यांचे हेच आकडे सुमारे ८८ टक्के व ७३ ठोके असे होते. ही तरुण व निकोप माणसे होती. साठी उलटलेला, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेला प्रवासी झोप लागावी म्हणून गुपचूप आपली बाटली रिकामी करतो, तेव्हा तो झोपला आहे की अत्यवस्थ आहे हे ओळखणे सेविकेस कठीण जाते. कारण त्याने काय घेतले हेच तिला ठाऊक नसते.

गोंधळाचे खरे मूळ असे की, विमानप्रवासात बाटलीला चार निरनिराळ्या अधिकाऱ्यांपुढून जावे लागते, आणि एकाने हरकत घेतली नाही म्हणजे चौघांचीही संमती मिळाली असे प्रवासी धरून चालतो. सुरक्षा तपासनीसाचा मद्याशी काही संबंध नसतो. त्याला द्रवपदार्थाची काळजी. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, आणि त्यानंतर हातातील सामानात १०० मिलिलिटरहून मोठे द्रवपात्र नेण्यास जगात बहुतेक ठिकाणी मनाई झाली. (अलीकडे नवी तपासयंत्रे बसविलेल्या काही विमानतळांवर ती शिथिल होऊ लागली आहे.) मद्याच्या ५० मिलिलिटरच्या चिमुकल्या बाटल्या या नियमातून सहज पार पडतात. तपासनीस त्या जाऊ देतो, कारण त्या बॉम्ब नाहीत. त्या विमानात उघडाव्यात की नाही, हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे. करमुक्त दुकानाच्या सीलबंद पिशवीचेही तसेच. मुक्काम गाठेपर्यंत ती फोडू नये, अशी सूचना त्या पिशवीवरच छापलेली असते, पण ती वाचतो कोण!

दुसरी चिंता आगीची. मद्य जितके तीव्र, तितकी त्याची वाफ पेट घेण्यास तत्पर. ४० टक्क्यांच्या मद्याची वाफ सुमारे २६ अंश सेल्सिअस उष्णतेतही ठिणगी मिळताच पेटू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी अशी वाटणी केली आहे की, २४ टक्क्यांपर्यंतच्या मद्यावर आगीच्या दृष्टीने बंधन नाही. २४ हून अधिक व ७० पर्यंतचे मद्य मूळ विक्रीच्या बाटल्यांत दर प्रवाशास एकंदर ५ लिटरपर्यंत नेता येते. आणि ७० च्या वरचे मुळीच नेता येत नाही, ना हातात, ना खालच्या सामानात. ऑस्ट्रियातील श्ट्रो नावाची ८० टक्क्यांची रम ज्यांना कोणी भेट देईल, त्यांनी ती तेथेच ठेवून यावी हे बरे. गोव्याहून परतणाऱ्यांना या वाटणीचा अनुभव घरच्या घरी घेता येतो. काजूची उर्राक १५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ती बंधनाबाहेर. फेणी सुमारे ४२ टक्क्यांची, म्हणजे ती ५ लिटरच्या मर्यादेत. मात्र ओळखीच्या भट्टीवरून पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली फेणी, ती कितीही अस्सल असली तरी, मूळ विक्रीची बाटली या व्याख्येत बसत नाही.

जकात अधिकारी आणि अबकारी खाते यांची दारे यानंतरची. परदेशाहून भारतात येणाऱ्यास दोन लिटर मद्य करावाचून आणता येते. विमान गुजरातेत किंवा बिहारमध्ये उतरणार असेल तर तेथील दारूबंदी आड येते. आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे व त्याला परवाना लागतो, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या गावीही नसते.

भारतापुरते पाहिले तर देशांतर्गत विमानांत मद्य दिलेच जात नाही. कंपनीच्या हातचा पेला नाही, तेव्हा दुसराही नाही, असा याचा व्यवहारी अर्थ होतो. विमानाची सुरक्षितता वा शिस्त धोक्यात येईल अशा रीतीने मद्य घेण्यास १९३७ च्या विमान नियमांत पुढे मनाई घालण्यात आली; आणि २०१७ साली विमान वाहतूक महासंचालनालयाने बेशिस्त वर्तनाच्या तीन श्रेणी ठरवून शाब्दिक त्रासास तीन महिन्यांपर्यंत, अंगाशी झोंबण्यास सहा महिन्यांपर्यंत आणि प्राणघातक कृत्यास दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ विमानबंदी सांगितली.

तथापि एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कंपनीचा हात म्हणजे मोजका हात, हे नेहमीच खरे ठरते काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीस येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात नशेतील प्रवाशाने एका वृद्ध स्त्रीशी किळसवाणे वर्तन केल्याची तक्रार झाली, आणि ते प्रकरण हाताळण्यातील कसुरीबद्दल जानेवारी २०२३ मध्ये महासंचालनालयाने कंपनीस ३० लाख रुपये दंड केला. त्याच महिन्यात कंपनीने आपले मद्यविषयक धोरण बदलले. पुरे झाले हे प्रवाशास सौजन्याने, परंतु ठामपणे कसे सांगावे, याच्या सूचना त्यात होत्या. सेवकांनी दिल्यावाचून कोणास मद्य पिऊ देऊ नये व स्वतःचे मद्य पिणाऱ्यांवर लक्ष ठेवावे, हेही त्यात होते. वाढपी हिशेबी नसेल, तर पंगतीच्या शिस्तीला अर्थ राहत नाही. फरक एवढाच की, येथे दंड करण्यास कोणीतरी सापडते. मद्य जेव्हा प्रवाशाच्या खिशातून येते, तेव्हा चूक घडते पण जबाबदार कोणी उरत नाही.

आणखी एक भोक या व्यवस्थेत आहे, ते विमानतळावरचे. विमान उशिरा सुटणार असले की, उपाहारगृहातील मद्याची विक्री वाढते आणि कंपनीचा हिशेब सुरू होण्यापूर्वीच प्रवाशाचा पूर्ण झालेला असतो. २०२१ साली अमेरिकेत बेशिस्त प्रवाशांच्या सुमारे सहा हजार तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांतील बहुसंख्य मुखपट्टीच्या वादातून आल्या होत्या हे खरे. परंतु त्या वर्षी विमान खात्याने काढलेल्या दंडाच्या नोटिशींत स्वतःची दारू प्याल्याचा आरोप वारंवार आढळतो. त्या ऑगस्टमध्ये खात्याच्या प्रमुखांनी विमानतळांना पत्र लिहून, विमानात नेण्यासाठी प्याल्यांत मद्य भरून देण्याची दुकानांची रीत थांबवावी, अशी विनंती केली. युरोपात रायनएअर कंपनीने ब्रिटनमधून इबिझा बेटाकडे जाणाऱ्या काही विमानांत प्रवाशांना मद्याची बाटली हाताशी ठेवण्यासच मनाई केली.

प्रकरण हाताबाहेर गेलेच, तर पुढे कोणाचा कायदा लागू करावयाचा हाही पेच असतो. १९६३ च्या टोकियो कराराने अधिकार मुख्यत्वे विमान जेथे नोंदलेले असेल त्या देशाकडे ठेवला. त्यामुळे परक्या देशात उतरल्यावर तेथील पोलीस पुष्कळदा हात वर करीत आणि दांडगाई करणारा मोकळा सुटे. २०१४ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या पुरवणी कराराने, ज्या देशांनी तो मान्य केला आहे त्यांच्यापुरता, उतरण्याच्या देशालाही अधिकार दिला, व तो १ जानेवारी २०२० पासून अमलात आला.

सुदैवाने बहुतेक वेळा गोष्ट इतक्या थरास जात नाही. सेविका बाटली मागून घेते, तीवर आसनाचा क्रमांक लिहिते आणि मागील कपाटात ठेवते. विमान उतरून दारे उघडली की, ती बाटली, जितकी भरलेली होती तितकीच, ज्याची त्याला परत मिळते.