चेनसॉचा ब्रेक लागतो ना?

पुढच्या मुठीसमोरची आडवी ढाल अनेकांना नुसता हाताचा आडोसा वाटते. पण ब्रेकचा दांडा तोच. ढाल पुढे ढकलली की क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळतो आणि चेन क्षणात थांबते. मुठीकडे ओढली की सुटते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला, तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. तेव्हा डावं मनगट ढालीवर आपटून किंवा नुसत्या झटक्यानेच ब्रेक लागतो.

मशीन चालू करताना ब्रेक लावलेला हवा. मात्र तो लागलेला असताना रेस देत राहू नका. ड्रम तापतो, पट्टा झिजतो. रोज कामाआधी मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरा, चेन कशालाही न टेकवता पूर्ण रेस द्या आणि मूठ न सोडता डाव्या मनगटाने ढाल ढकला. चेन लगेच थांबली नाही, तर मशीन दुरुस्तीला. ‘थोडी सरकते, चालतंय’ हे ऐकूनच घ्यायचं नाही.

बरीचशी दुखणी भुशाची. डिंक, तेल आणि भुसा यांचा चिकट थर पट्ट्यापाशी बसतो. इंजिन बंद करून, झाकण उघडून तो ब्रशने काढावा. काही मॉडेलांत ब्रेक झाकणातच असतो. तिथे आधी ब्रेक सोडायचा, नाहीतर आवळलेला पट्टा ड्रमवर परत चढत नाही. हुस्कवर्ना कंपनीच्या पुस्तिकांनुसार पट्टा सर्वांत पातळ जागी किमान ०.६ मिलिमीटर हवा. त्याखाली गेला की बदलायचा.