वास आला म्हणजे नशा सिद्ध झाली?

समजा, घाटघरला मुक्कामी गाडी नेणाऱ्या चालकावर ‘दारू पिऊन कामावर आला’ असा ठपका आला. जुन्नरला तपासणीसाठी आणेपर्यंत दोन तास गेले. रक्तातले अल्कोहोल तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने (१०० मिलिलिटरमागे) उतरते. वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम. म्हणजे उशीर झाला की पुरावाच विरून जातो.

मग कागदावर उरते ते ‘तोंडाला वास, तोल जातो’ एवढेच. बचुभाई करयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अपघाताच्या खटल्यात डॉक्टरांनी अशीच लक्षणे नोंदवली होती. रक्त-लघवी तपासली नव्हती. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावर नशा सिद्ध मानली नाही.

खातेअंतर्गत चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, हे खरे. पण शरीर तेच असते. साखर एकदम उतरली किंवा डोक्याला मार लागला, तरी माणूस झोकांड्या खातो, बरळतो. मधुमेह फार बिघडला की श्वासाला येणारा गोडसर वास दारूचा वाटू शकतो. अशा रुग्णाला ‘प्यायलाय’ म्हणून कोपऱ्यात बसवले, तर नोकरीआधी जीव जाईल.

म्हणून संशय येताच गाडीची किल्ली काढून घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. आधी साखर तपासावी. रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नये. नमुना सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत, वेळ लिहून, सीलबंद करावा. चालकानेही आजार आणि औषधे सांगावीत, रक्ततपासणी स्वतःहून मागावी. निर्दोष माणसाचा तोच सर्वांत भक्कम साक्षीदार.