भंगारातून उभं राहिलेलं बॉम्बर दल

लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये चार इंजिनांचं एक लिबरेटर बॉम्बर आहे. ब्रिटिश दप्तरात त्याचा क्रमांक केएन 751, भारतीय दप्तरात एचई 807. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते ब्रिटिशांच्या 99 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे, हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर होतं. युद्ध संपलं आणि ते कानपूरच्या मोडीत जमा झालं. तिथून उठून ते पुण्याच्या लोहगाव तळावर आलं आणि आपल्या हवाई दलाच्या 6 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये समुद्रावर गस्त घालू लागलं. 1974 साली भारतानेच ते ब्रिटनला भेट दिलं. म्हणजे हे विमान दोनदा दोन वेगळ्या हवाई दलांत दाखल झालं, आणि दुसऱ्यांदा दाखल होताना त्याला उभं केलं ते भारतीय कारागिरांनी.

युद्धकाळात बॉम्बर विमान तुकडीच्या हाती कसं पडायचं, हे आधी पाहू. लिबरेटर हे अमेरिकी विमान. एकूण 18,000 हून अधिक तयार झाली. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून 1944 मध्ये ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडत होतं. पण कारखान्याबाहेर पडलेलं विमान लगेच लढाईच्या कामाचं नसे. फक्त पोहोचवण्याचं काम करणारे वैमानिक ते टप्प्याटप्प्याने उडवत भारतात आणत. लहान विमानं मात्र सुटी करून खोक्यांतून बोटीने येत. व्हेंजन्स ही सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं तशीच कराचीला उतरली आणि तिथेच जोडली गेली.

पुढचा मुक्काम ब्रिटिश हवाई दलाच्या मेंटेनन्स युनिटमध्ये. तिथे तोफा, रेडिओ, बॉम्ब अडकवण्याची साधनं तपासली जात, राहिलेली बसवली जात. प्रत्येक विमानाचं एक कार्ड असे, फॉर्म 78. विमान कुठल्या तारखेला कुठल्या युनिटकडे गेलं, याची त्यावर ओळीने नोंद. स्क्वॉड्रनने ताब्यात घेतलं की अंगावर ओळखीचं अक्षर रंगवलं जाई. मग यायचा फॉर्म 700. इंधन किती भरलं, कोणता दोष निघाला, तो कोणी दुरुस्त केला, हे सगळं त्यात लिहिलेलं. मेकॅनिकने आधी सही करायची, ती वाचून वैमानिकाने करायची, मगच चाकं हलणार. ज्याने नट आवळला त्याचं नाव कागदावर राहतं, ही या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

1 डिसेंबर 1942 रोजी भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वॉड्रन उभ्या राहिल्या, एक विशाखापट्टणमला, दुसरी तिरुचिरापल्लीला. दोन्हींच्या वाट्याला व्हेंजन्स आली. त्याच वर्षी 14 ऑगस्टला आपल्या पालघरमध्ये ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले होते, तिथला हुतात्मा चौक त्यांचाच. एकीकडे इंग्रजांच्या गोळ्या झेलणारे आपले तरुण, दुसरीकडे इंग्रजांच्याच गणवेशात जपान्यांशी लढायला निघालेले आपले तरुण. या दोघांना एकमेकांविरुद्ध तराजूत घालू नये असं मला मनापासून वाटतं. पुढे स्वतंत्र भारताला दोघांचीही गरज लागली.

लिबरेटरसारखे जड बॉम्बर मात्र युद्धात भारतीय तुकड्यांना मिळालेच नाहीत. ते ब्रिटिश आणि अमेरिकी स्क्वॉड्रनकडे राहिले. बंगालमधल्या दिगरी, सालबनीसारख्या तळांवरून ते ब्रह्मदेश आणि सयामवर जात. युद्ध संपल्यावर करारातली अट आडवी आली. ‘लेंड-लीज’ या अमेरिकेच्या उसनवारीच्या व्यवस्थेखाली दिलेली विमानं अमेरिकेला परत करायची, नाहीतर नष्ट करायची. कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर गोळा झाली आणि पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून त्यांची नासधूस करण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली, सांगाड्यांवर बुलडोझर घातले.

1948 साली, काश्मीरची लढाई चालू असताना, भारताकडे बॉम्बर दल नव्हतं. तेव्हा नजर या मोडीकडे वळली. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली. हा कारखाना 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेला. युद्धकाळात, 1943 पासून, तो अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता आणि तिथे अमेरिकी विमानांचीच दुरुस्ती होई. म्हणून ही यंत्रं तिथल्या कामगारांना परकी नव्हती. कमी मोडलेली विमानं निवडायची, इतरांचे सुटे भाग काढून त्यांना लावायचे, उडण्यापुरती डागडुजी करायची आणि बंगळूरला न्यायची, असा क्रम ठरला. ती उडवत नेण्याचं जोखमीचं काम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. पूर्ण दुरुस्ती बंगळूरला झाली. सुमारे 40 विमानं अशी पुन्हा उभी राहिली.

2 नोव्हेंबर 1948 रोजी कानपूरला 5 क्रमांकाची स्क्वॉड्रन या विमानांवर उभी राहिली: स्वतंत्र भारताची पहिली जड बॉम्बर तुकडी. 1951 मध्ये पुण्याला 6 क्रमांकाची स्क्वॉड्रन पुन्हा उभारली गेली. कॅनबेरा जेट आल्यावर लिबरेटरचं बॉम्बफेकीचं काम संपलं, पण समुद्री टेहळणी 1968 च्या अखेरपर्यंत चालू राहिली. मालकांनी निकामी करून टाकलेली विमानं वीस वर्षं चालली.

बोईसर-तारापूरच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. लिबरेटर निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. तेही अमेरिकी बनावटीचं. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनात हात आखडता घेतला, तरी इथल्या तंत्रज्ञांनी ते चालू ठेवलं. यंत्र कोणी दिलं हे करारात लिहिलेलं असतं. ते कोणी चालवलं हे लिहून ठेवायची सवय आपल्याला नाही. कानपूर आणि बंगळूरच्या मेकॅनिकांपैकी किती जणांची नावं आज सांगता येतील?

पालघर, डहाणू, वसईकडच्या ज्या घरांत कोणी लोहगावला किंवा बंगळूरच्या कारखान्यात नोकरीला होतं, त्यांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत जुनी ओळखपत्रं, लॉगबुकं, विमानापुढे काढलेले गटाचे फोटो हाती लागले तर रद्दीत घालू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून फोटोच्या मागे प्रत्येकाचं नाव, हुद्दा आणि साल लिहून ठेवा.