आईची शिदोरी

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला परदेशी निघालेली आई विमानतळावर लांबूनही ओळखू येते. वजनकाट्यावर तिची बॅग जास्त भरते, मग तिथेच फरशीवर ती उघडली जाते आणि मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, डिंकाचे लाडू यांतलं नेमकं काय कमी करायचं यावर घरात दोन तट पडतात!

2014 साली माझी आई अशीच अमेरिकेला निघाली. मोठ्या बॅगांत जावयाच्या चकल्यांपासून सगळं होतं. हातातल्या पिशवीत मात्र खायला काहीच नव्हतं. ‘विमानात जेवण देतात की,’ ती म्हणाली. आई मधुमेही. रात्रीची गोळी तिने घरच्या वेळेला घेतली आणि जेवण आलं बऱ्याच उशिरा. मागायचा संकोच. घाम फुटला, हात थरथरू लागले, तेव्हा शेजारच्या मुलाने खिशातलं चॉकलेट दिलं. हे आम्हाला कळलं दोन महिन्यांनी. ‘उगाच तुम्हाला काळजी कशाला?’

सगळ्यांची शिदोरी बांधणारी बाई स्वतःचीच बांधायला विसरते, ते असं.

खरं तर प्रवासाचं खाणं आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी पाण्यातल्या पोळीपेक्षा मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. पातळ लोणचं, दही, ओली चटणी नको. 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातले असे पदार्थ सुरक्षा तपासणीत अडकतात. भाजी न्यायचीच तर कोरडी, आणि ती पहिल्या तीन-चार तासांत संपवावी. पुढच्या प्रवासाला भाजके चणे, राजगिऱ्याची वडी, खाकरा आणि थोडे बदाम.

विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ असते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरची! पोटातला वायू तिथे फुगतो. म्हणून छोले-राजमा, तळलेलं नको. हवा कोरडी असल्याने पाणी मात्र सतत थोडं थोडं प्यावं. रिकामी बाटली तपासणीनंतर भरून घेता येते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. डिंकाच्या लाडवात आपण सवयीने खसखस घालतो. दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाणार असाल तर ती अजिबात नको, तिथे तिच्यावर बंदी आहे. आणि उरलेली ताजी फळं खाली उतरण्यापूर्वी संपवा. अमेरिकेत सोबतचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात.

मधुमेह असेल तर गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचाराव्यात. औषधं आणि थोडी साखर मोठ्या बॅगेत नव्हे, हाताशी ठेवावी.

पुढच्या खेपेला आईचा डबा मी बांधला. सहा दशम्या, चटणी, चणे आणि साखरेची पुडी. ‘एवढं कोण खाणार?’ म्हणून ती कुरकुरलीच.

पोचल्यावर फोन आला. प्रवास कसा झाला ते राहिलं बाजूला. पहिलं वाक्य होतं, ‘दशम्या पुरल्या हो. शेजारच्या बाईंनाही दोन दिल्या. बिचारीने स्वतःसाठी काही आणलंच नव्हतं!’